सिस्टरशेजारची जागा

कंपनीत माझ्या ‘नाही’ला उद्धटपणा म्हणायचे आणि सिस्टरच्या ‘नाही’ला धर्म. या एका गोष्टीवरून मी पहिल्यांदा तिच्यावर जळले, आणि सरळच सांगते, अजून पुरती विझलेले नाही.

खंडेनवमीचा दिवस होता. महाडच्या एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगला आहे. आत काही उडायला-सांडायला नको म्हणून आमच्याकडे पूजा हॉलच्या बाहेर, दारातच मांडतात. पाटावर पाना, पक्कड, मशिनचा एक सुटा भाग, झेंडूची माळ, नारळ. सुपरवायझर साहेब ताट घेऊन एकेकाच्या कपाळाला कुंकू लावत रांगेनं येत होते. माझ्यापाशी आले तसं मी कपाळ मागं घेतलं.

“मला नको साहेब. माझा विश्वास नाही.”

“अगं, विश्वासाचा काय संबंध? ज्याच्यावर पोट आहे त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा.”

“मग पान्याला तेल लावा. कुंकू कशाला?”

झालं. सगळी रांग माझ्याकडे वळली. “चार बुकं शिकली म्हणून एवढा माज?” मागून कुणीतरी म्हणालं. दुसरीनं पुरवणी जोडली, “हिच्या बापाच्या घरी गणपती बसतो, गौरी बसते. सगळ्या पोलादपुराला ठाऊक हाय. हिलाच काय शिंगं फुटली?”

माझ्यानंतर चौथी सिस्टर उभी होती. नोकरीला लागून तिला दोन महिनेही झाले नव्हते. तिनं हात जोडले, हसली, म्हणाली, “साहेब, मी कुंकू नाही लावत. आमच्यात चालत नाही. बाकी काही काम असेल तर सांगा, पाट उचलायचा असेल तर उचलते.”

“असू दे, असू दे सिस्टर,” साहेब म्हणाले. “तुमचा धर्म आहे तो.” आणि वर तिच्यासाठी नैवेद्य दाखवायच्या आधीची दोन केळी बाजूला काढून ठेवायला सांगितली.

मला केळंही मिळालं नाही.

तिला सिस्टर म्हणायचं कारण एवढंच, की आमच्या खात्यातल्या बायांनी ख्रिश्चन बाई म्हणून आजवर फक्त दवाखान्यातल्या सिस्टरच पाहिल्या होत्या. ती नर्स नव्हती. नगरकडची, दोन मुलांची आई, माझ्याहून आठेक वर्षांनी मोठी, घरात-दारात मराठीच बोलणारी. आमच्या लॅबमध्ये गोळ्या तपासायची. “मी सिस्टर नाही हो,” असं तिनं दोन-तीनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

आता माझं. कॉलेजात असताना मी एका शिबिराला गेले आणि तिथं मला पत्रक लिहायला शिकवलं. वर जाड अक्षरात प्रश्न टाकायचा. मधे तीन मुद्दे. चौथा नाही, चौथा कुणी वाचत नाही. खाली मागणी, शेवटी उद्गारचिन्ह. ही विद्या मला फार लवकर आली. बुवाबाजीवर लिहिलं, वाळीत टाकण्यावर लिहिलं, महाडात तळ्याच्या काठी वाटलं, पोलादपूरच्या स्टँडवर वाटलं. कंपनीतही माझं काम तेच, म्हणजे औषधाच्या खोक्यात घडी घातलेलं माहितीपत्रक पडलं की नाही ते बघायचं. ते बारीक अक्षरांचं पत्रक कुणी वाचत नाही हे मला ठाऊक होतं. माझी पत्रकं मात्र लोक वाचतात, असं मी तीन वर्षं धरून चालले होते.

कँटीनमध्ये मी बोलायला लागले की लोक डबे उचलायचे. “हिचं सुरू झालं,” असं म्हणत पलीकडच्या टेबलावर जायचे. मी त्याला समाजाचा भेकडपणा म्हणायची. मग सिस्टर आली, आणि त्याच कँटीनमध्ये, त्याच विषयांवर, लोक बाक ओढून तिच्याभोवती बसायला लागले.

ती डबा उघडायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करायची. लांबण नाही, भाकरी गार होणार नाही एवढीच. पहिल्याच आठवड्यात मी तिला सगळ्यांदेखत विचारलं, “सिस्टर, डोळे मिटल्यानं आमटीत काही फरक पडतो का?”

“आमटी तीच राहते,” ती म्हणाली. “मी जरा कमी चिडकी होते. घरी विचार पाहिजे तर.”

टेबल हसलं. मला तीन वर्षांत एकदाही टेबल हसवता आलं नव्हतं.

मी सोडणारी नव्हते. रोज एक विषय काढायची. आंतरजातीय लग्न काढलं. ख्रिश्चन झालात म्हणून जात सुटली का, असं तोंडावर विचारलं. मला वाटलं आता ही देवाच्या लेकरांचं काहीतरी सांगेल. तर म्हणाली, “नाही सुटली. आमच्यात अजून लग्न ठरवताना मूळचे कोण म्हणून हळूच विचारतात. माझ्या भावानं हिंदू मुलगी केली तेव्हा वडील दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत, आणि मी वडिलांची बाजू घेतली होती. चुकले मी.” एवढं म्हणून तिनं लोणच्याची फोड पुढं केली. माझ्या हातातला दगड तिनंच मागून घेतला.

सगळंच कबूल करायची असंही नाही. नवरा-बायकोनं पटलं नाही की मोकळं व्हावं, यात रडण्यासारखं काय आहे, असं मी म्हणाले, तेव्हा ती ठाम नाही म्हणाली. “मारहाण असेल तर तिनं तिथं एक दिवसही राहू नये. पण नुसतं पटत नाही म्हणून मोडायचं, ते मला मान्य नाही. मी देवासमोर शब्द दिलाय, आणि दिलेला शब्द जड झाला म्हणून खाली ठेवत नाहीत, असं मी मानते. तू नको मानूस.” त्या दिवशी आम्ही जेवणाची सुट्टी संपेपर्यंत भांडलो. मुद्दे माझे जास्त होते, मी मोजले. पण उठताना दोघी-तिघी जणी तिच्या मागोमाग गेल्या. तिच्या मताच्या झाल्या असं नव्हे. एकीनं तर चालता चालता तिला सांगितलं, “मला नाय पटला तुमचा, पण उद्या अजून सांगा.” माझ्या पटलेल्या मुद्द्यांबद्दल कुणी ‘उद्या अजून सांग’ म्हणालं नव्हतं.

एकदा तिनंच मला विचारलं, “गणपतीत तू घरी काय करतेस गं?”

मी खरं सांगितलं. “आरतीला उभी राहत नाही. मोदक वळते.”

“किती?”

“एकवीस. नंतर घरच्यांसाठी वेगळे.”

टेबल पुन्हा हसलं, आणि सिस्टर मला हसत नव्हती हे दिसत होतं, तरी मी डबा बंद करून उठले.

खरी गोष्ट मात्र मावशीची आहे.

मावशी आमच्या लाइनवर खोकी बंद करायला असायची. पोलादपूरच्या पुढं कापडे गाव, त्याच्या वर डोंगरात तिची वाडी. नवरा मुंबईला कामाला होता, तिकडंच वारला, त्याला आठ वर्षं झाली. एकच मुलगी, आणि तिचं लग्न दासगावच्या मुलाशी ठरलं होतं. वैशाखातली तारीख. आता आमच्याकडची रीत अशी, की मुलीच्या हळदीला विधवा आईनं पुढं यायचं नाही. पहिली हळद लावायची ती सवाष्णीनं, मावशीच्या बाबतीत तिच्या जावेनं. आईनं मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसायचं. मुलगी एकटीनं वाढवायची, आणि हळदीला हात लावायचा नाही.

माझं पित्त खवळलं. मी दोन दिवसांत पत्रक लिहून काढलं. वर प्रश्न: ‘आई अपशकुनी कशी?’ मधे तीन मुद्दे. खाली मागणी: हळदीकुंकू आणि हळदीचा विधीच बंद करा! मावशीला मी पहिली प्रत दिली. “वाचा मावशी. तुमच्यासाठीच लिहिलंय.”

“बगते गो बाय,” ती म्हणाली, आणि घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते डब्याखाली होतं, तेल शोषायला. मी तरी चिकाटीनं विचारत राहिले: मावशी, ठरलं का? गावकीला सांगितलं का? मी येऊ का बोलायला? ती प्रत्येक वेळी ‘बगते गो’ म्हणायची आणि डबा घेऊन सिस्टरशेजारी जाऊन बसायची.

रोज सिस्टरशेजारी. ती जागा तिचीच झाली.

एक दिवस मी मुद्दाम त्यांच्या पाठच्या बाकावर बसले. कान देऊन ऐकलं, लपवत नाही. मावशी सांगत होती, “आत हॉलात गेलो ना सिस्टर, का मला बरा वाटतो. तिथं सगळ्यांचीच टिकली काढतात, बांगड्या काढतात, मंगळसूत्र काढून ठेवायला लावतात. टोपी घातली का कोण सवाष्ण नि कोण नाय, काय कळत नाय. आठ तास मी सगळ्यांसारखी.”

मी तीन वर्षं रोज त्या दारात उभी राहून हात दाखवून आत जात होते. नखं, नेलपॉलिश, टिकली, बांगड्या, सगळं तपासून मगच आत सोडतात. हे माझ्या नजरेसमोर होतं आणि माझ्या एकाही पत्रकात नव्हतं. आणि तिनं ते सांगितलं कुणाला? तिला.

मग सिस्टरनं एकच विचारलं. “मुलीला कुणाच्या हातची हळद हवी आहे?”

मावशीनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, “ती बोलते, आये तूच लाव. नायतर मी बसतच नाय पाटावर.”

“आणि तुम्हाला?”

“मला लावायची हाय ना गो!” मावशी एकदम म्हणाली. “बंद कशाला करायची? मला लावायची हाय.”

माझं पत्रक डब्याखाली का गेलं ते मला तेव्हा कळलं. तिला हळद हवी होती आणि मी हळदच बंद करायला निघाले होते. मी विचारलंच नव्हतं. हे कळल्यावर माणसानं शहाणं व्हायला पाहिजे. मी झाले नाही. मला फक्त एवढंच टोचलं, की हा प्रश्न माझा होता, माझ्या विषयातला होता, आणि तो विचारला तिनं. जिच्या धर्मात हळदच नाही तिनं!

त्याच आठवड्यात आणखी एक पाहिलं. सिस्टरनं प्रार्थनेला डोळे मिटले, आणि शेजारी मावशीनंही मिटले.

आमच्या लाइनवरचा ऑपरेटर मावशीच्या शेजारच्या वाडीतला. पोलादपूरहून येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आम्ही तिघंही असायचो. मावशी पुढं, आम्ही मागं. एका सकाळी तो माझ्याकडे झुकून म्हणाला, “काय गो, ती सिस्टर आमच्या मावशीला बाटवते का काय? तुला ठाऊक असल. तू तर कुणाच्याच देवाची नायस, तू खरा सांगशील.”

मला हसून ‘काहीतरीच काय’ म्हणता आलं असतं. दोन शब्दांचं काम. मी म्हणाले, “मला काय ठाऊक? रोज दोघी एकत्र बसतात. डोळे मिटून. मी पाहिलंय.”

यात एकही अक्षर खोटं नव्हतं. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला चांगलं माहीत असतं की खरं वाक्य कुठं ठेवलं की ते खोट्याचं काम करतं. मला माहीत होतं. तरी मी ते तिथंच ठेवलं.

पंधरा दिवसांत ते डोंगर चढून वाडीत पोचलं, आणि दासगावला मुलाच्या घरीही. मुलाकडच्यांनी मावशीच्या दिराला फोन करून विचारलं, मुलीची आई ख्रिश्चन झाली म्हणतात, खरं का? दिरानं गावकीला सांगितलं. गावकीनं रविवारी बसायचं ठरवलं. वाळीत टाकतो असं आता कुणी म्हणत नाही, कायदा आला आहे. आता फक्त ‘कोण जाणार नाय’ म्हणतात. कोण जाणार नाही म्हणजे मांडव घालायला कोण नाही, जेवण शिजवायला कोण नाही, मुलीला पाटावर बसवायला कोण नाही. हळद कुणी लावायची हा प्रश्नच मिटला. लग्नच राहतं की जातं ही गोष्ट आली.

मावशीनं हे सिस्टरला सांगितलं तेव्हा मी ऐकलं. सिस्टर उठली. “मी उद्यापासून दुसरीकडे बसते,” म्हणाली. “मुलीचं लग्न होईपर्यंत.” आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून ती लॅबच्या बाहेर एकटीच डबा खायला लागली.

म्हणजे मला हवं होतं ते झालं. सिस्टरशेजारची जागा गेली, आणि मावशी माझ्या टेबलावर आली. माझ्यासमोर बसायची. भाकरी मोडायची, खाली बघून खायची, डबा धुवायला जायची. चार दिवसांत ती माझ्याशी दोन शब्द बोलली. “मीठ दे.”

पाचव्या दिवशी मी लॅबच्या दारात गेले आणि सिस्टरला सगळं सांगितलं. बसमधलं वाक्य जसंच्या तसं. मला वाटलं होतं ही क्षमा करेल. हिचा धंदाच तो, असं मी मनात म्हणत गेले होते.

“तुला माहितीये का तू काय केलंस?” ती म्हणाली. “आमच्या घरमालकानं परवा माझ्या नवऱ्याला विचारलं, घरी प्रार्थनेला माणसं जमवता का म्हणून. मला कळेना हे आलं कुठून. माझी मुलं इथं नुकती शाळेत रुळलीत.”

“माफ करा.”

“करीन,” ती म्हणाली. “आज नाही. आज मला तुझं तोंड बघवत नाही. तू देव मानत नाहीस याचं मला कधी काही वाटलं नाही. तू तर खरं मानतेस ना? मग खऱ्याचं हे केलंस?” आणि काचेचं दार लोटून आत गेली. एवढं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. त्यातही मला, खोटं कशाला सांगू, तिचा हेवाच वाटला. चिडली तरी तिचं वाक्य माझ्या सगळ्या मथळ्यांपेक्षा धारदार होतं.

रविवारी मी वाडीत गेले. पोलादपुरातून कापड्यापर्यंत रिक्षानं, पुढं चढण पायी. पिशवीत कायद्याची झेरॉक्स, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा. वाटेत मी भाषण पाठ केलं. मुद्दे तीन.

गावकी देवळाच्या सभामंडपात बसली होती. पुरुष आत, बाया बाहेर पायऱ्यांच्या कडेला, त्यात मावशी खांबाला टेकून. मला बघून ऑपरेटर कुणाच्या तरी कानाला लागला आणि ते पसरत गेलं: पत्रकवाली आली, पत्रकवाली आली.

मधे बसलेले म्हातारे आजोबा म्हणाले, “काय गो पोरी, तुजा काय काम? कायदा घेऊन आलीस काय?”

मी पिशवीत हात घातला. कागद हाताला लागला. मग खांबाला टेकलेली मावशी दिसली, आणि मी कागद काढला नाही. कायदा काढला असता तर हे सगळे तिच्या विरुद्ध उभे राहिले असते, आणि मी जिंकून पोलादपूरला परत गेले असते.

“आजोबा,” मी म्हणाले, “मावशी ख्रिश्चन झाली ही गोष्ट माझ्यापासून निघाली. मी बसमध्ये तसं बोलले.”

“मग झालीय का नाय?”

“नाही.”

“मग बोललीस कशाला?”

इथं माझी तिन्ही वाक्यं संपली होती. चौथं मी तयार केलंच नव्हतं. “मावशी माझ्याशी बोलायची नाही, तिच्याशी बोलायची,” मी म्हणाले. “रोज तिच्याशेजारी बसायची. मला जळायला झालं.”

मग आजोबा मांडीवर हात मारून हसले. “म्हंजे हा बायांचा भांडण हाय होय!” सगळा मंडप हसायला लागला. एक जण ऑपरेटरला म्हणाला, “आन् तू लेका धर्म बुडाला म्हणून सांगत आलास!” एका बाईला तिच्या मुलीच्या लग्नातून बाहेर काढत होते, आणि यांनी त्याचं बायांचं भांडण करून टाकलं. हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी दात दाबून उभी राहिले, कारण हसता हसता ते सगळे सैल बसले होते.

“पण डोळे मिटायची ते खरा का?” दिरानं विचारलं.

यावर मावशीच उभी राहिली. “खरा हाय,” ती म्हणाली. “शेजारचा माणूस हात जोडून बसला असल तर आपण घास घेतो का? तुमी आरती करता तवा मी जेवत बसते का? ती डोळं उघडंपर्यंत मी थांबायची. मग दोघी जेवायचो. तिच्या डब्यात बी भाकरच असायची.”

आजोबांनी मान हलवली. माझ्याकडे बोट करून म्हणाले, “ही देव मानत नाय ना? मग ही कशाला ख्रिश्चनाची बाजू घेईल. खराच असल.” दिराला म्हणाले, “दासगावला फोन लाव. सांग, काय नाय झाला.”

आयुष्यात पहिल्यांदा माझं देव न मानणं कुणाच्या तरी उपयोगी पडलं, आणि तेही साक्षीदार म्हणून.

वैशाखात हळदीला मला आमंत्रण होतं. सिस्टरलाही. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली, साध्या सुती साडीत, नवऱ्याला खाली कापड्याला थांबवून. चढणीवर मला गाठून म्हणाली, “तू तिथं सगळ्यांसमोर बोललीस ते मावशींनी सांगितलं. ते बरं केलंस. दोन्ही लक्षात आहे माझ्या.” मग वर पोचेपर्यंत आम्ही आंब्यांबद्दल बोललो.

चार वाजता मुलीला मांडवात पाटावर बसवलं. हळदीची वाटी जावेच्या हातात. मावशी मागच्या पडवीच्या उंबऱ्यात उभी, मधेच, ना आत ना बाहेर. जाऊ पुढं झाली तसं मुलीनं तोंड फिरवलं. “आधी आय.”

मांडवात खळबळ झाली. कुणीतरी ‘असं नसतं गो’ म्हणालं. मुलगी हटेना. मी भाषणाला तोंड उघडलं, खरंच उघडलं, आणि सिस्टरनं नुसता माझा दंड धरला. जावेनं इकडंतिकडं बघितलं, कंटाळल्यासारखी वाटी मावशीच्या दिशेनं धरली आणि म्हणाली, “घे बाय, लाव. उन्हात पोर शिजतेय.”

मावशी उंबऱ्यातून खाली उतरली. दोन्ही हात वाटीत घातले, अगदी मनगटापर्यंत, एवढी कुणी लावत नाही. आणि मुलीच्या गालांना लावण्याआधी तिनं एकदा मान वर केली. सगळ्या मांडवात एकाच माणसाकडे बघितलं. माझ्याकडे नाही. मी सिस्टरच्या अगदी शेजारी उभी होते, खांद्याला खांदा लागत होता, नजर माझ्या कानाजवळून गेली. ती मला पुरली नाही. आजही आठवली की पुरत नाही.

मग तिनं लावली. मुलीच्या गालांना, कपाळाला, कोपरांना, पायांना. मुलगी रडायला लागली तशी बाकीच्या बायाही पुढं झाल्या आणि पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. कुणीतरी माझ्याही गालाला बोट लावलं. निघताना मी वाटेतल्या नळावर धुऊन टाकलं. सिस्टरनं लावून घेतली आणि तशीच खाली उतरली.

लग्न उरकून मावशी सोमवारी कामावर आली. हॉलच्या दारात नेहमीसारखी रांग. टिकल्या, बांगड्या, हात दाखवा. मावशीनं दोन्ही हात पुढं केले, तळवे वर. नखांपासून मनगटापर्यंत पिवळे. साबणानं गेले नव्हते; तिनं घासले नसावेत असंच मला वाटतं. साहेबांनी बघितलं. मागं रांगेत ऑपरेटरनं बघितलं. जिनं हळदीला शिवायचं नव्हतं तिचे हात सगळ्या खात्यानं बघितले. ती तसेच धरून उभी होती, जरा जास्तच वेळ.

“दोन-दोन हातमोजे घाला मावशी,” साहेब शेवटी म्हणाले. “खोक्यांना लागायला नको.”

“बराय,” मावशी म्हणाली.

लॅबच्या काचेआड सिस्टर उभी होती. तिच्या उजव्या गालावर अजून पुसट पिवळं होतं. मावशीनं तिला काचेतूनच तळवे दाखवले.

मग माझी पाळी आली. मी हात पुढं केले. साहेबांनी नीट बघितलेही नाहीत. स्वच्छ होते.